पंचावन्नावा घोडा

२७ एप्रिल १९५९ च्या दुपारी मुंबईच्या मेट्रो सिनेमात ‘टॉम थम्ब’ लागला होता. अंगठ्याएवढ्या मुलाची गोष्ट. दोन चोर त्या चिमुरड्याला फसवून खजिन्यात उतरवतात आणि सोनं पळवतात. आळ येतो त्याच्या गरीब आईबापांवर, आणि शेवटी टॉमच खरे चोर पकडून देतो. नौदलातला एक अधिकारी आपली बायको, दोन मुलं आणि शेजारचं एक मूल यांना थिएटरपाशी सोडून गेला. खेळ सुटला की सहाला न्यायला येतो, असं सांगून. तिथून तो आपल्या जहाजावर गेला. रात्री एकट्यानं गाडी चालवत अहमदनगरला जायचं आहे, असं कारण सांगून त्यानं रिव्हॉल्व्हर आणि सहा गोळ्या घेतल्या आणि तपकिरी पाकिटात घातल्या. मग नेपियन सी रोडजवळच्या एका फ्लॅटची घंटा वाजवली. इकडे पडद्यावर टॉमची गोष्ट चालू असताना तिकडे प्रेम आहुजाच्या अंगात तीन गोळ्या गेल्या.

कमांडर कावस नानावटीचा खटला मराठी वाचकाला नवा नाही. त्यावर सिनेमे झाले, मालिका झाल्या. पण त्या दिवशी मुलं अंधारात बसून कुठली गोष्ट बघत होती, हे फार जण सांगत नाहीत. मला तो तपशील त्या प्रकरणातला सगळ्यात बोलका वाटतो. परीकथा आणि बड्या घरातला खून एकाच दुपारी, एकाच कुटुंबात, एकाच शहरात चालू होते. पुढची पाच वर्षं लोकांनी त्या खुनाची परीकथा केली, आणि त्यात मेलेला माणूस हळूहळू पुसला गेला.

ठाण्यात घोडबंदर रोडवरच्या कुठल्याही टॉवरमध्ये रात्री साडेनऊला हेच दोन प्रकार शेजारी शेजारी चालतात. एका खोलीत मुलाला भोपळ्यातली म्हातारी सांगितली जाते. मूल झोपलं की तोच सांगणारा कानात इअरफोन घालून एखाद्या उद्योगपतीच्या घरातल्या खुनाचा भाग लावतो. यात वाईट काही नाही. दोन्हीकडे माणसाला तेच ओढतं: मोठा वाडा, जिन्याच्या टोकाला एक बंद दार, सगळं माहीत असलेली दाई किंवा नोकर, आणि कमरेला किल्ल्यांचा जुडगा. १६९७ साली फ्रान्समध्ये शार्ल पेरोनं छापलेल्या निळ्या दाढीच्या गोष्टीत नेमकं हेच आहे. श्रीमंत नवरा नव्या बायकोला सगळ्या किल्ल्या देतो आणि एक खोली उघडू नको म्हणतो. ती उघडते, किल्लीला लागलेलं रक्त काही केल्या निघत नाही, आणि खोलीत आधीच्या बायका असतात. जर्मनीत लोककथा गोळा करणाऱ्या ग्रिम बंधूंनी ही गोष्ट आपल्या संग्रहाच्या १८१२ च्या पहिल्या आवृत्तीत घेतली आणि पुढच्या आवृत्तीतून काढून टाकली.

बिघडतं ते एका कामाची अवजारं दुसऱ्या कामाला वापरल्यावर. परीकथा बातमीसारखी सांगितली की मूल रात्री उठून बसतं. खून परीकथेसारखा सांगितला की आरोपी राजपुत्र होतो.

आधी मुलांचं बघू.

आपल्या कहाण्यांची पहिली ओळ आहे ‘आटपाट नगर होतं’. हे शब्द नुसते नादासाठी नाहीत. आटपाट नगर कुठल्याही नकाशावर नाही, तिथं जाणारी लोकल नाही, म्हणून तिथं लांडगा आला तरी तो नौपाड्यात येत नाही. सांगणाऱ्याच्या हातातली ही सगळ्यात मोठी सोय आहे, आणि उत्साहाच्या भरात तीच आधी सोडली जाते. गोष्ट जवळची वाटावी म्हणून लोक ‘आपल्या उपवन तलावाजवळ एक चेटकीण राहायची’ असं सुरू करतात. चार वर्षांच्या मुलाला दुसऱ्या दिवशी संध्याकाळी उपवनला फिरायला न्या, ते तुमचा हात सोडणार नाही. तलाव, रस्ता, बिल्डिंगचं नाव, मुलाच्या वर्गातलं नाव यातलं काहीही भीतीच्या गोष्टीत घालायचं नाही. ओळखीची ठिकाणं हवीच असतील तर ती जेवणाच्या, जत्रेच्या, लग्नाच्या गोष्टीत घाला.

गावाचं नाव आल्यानं काय होतं, याचा पुरावा ग्रिम बंधूंच्याच संग्रहात होता. १८१२ च्या आवृत्तीत एक छोटी गोष्ट होती. पाच-सहा वर्षांची मुलं खाटीक-खाटीक खेळतात, एक खाटीक होतो, एक डुक्कर होतो, आणि खेळता खेळता खरोखर सुरी चालते. नगराचे पंच जमतात. मुलाचं काय करायचं, कोणालाच कळत नाही. एक शहाणा म्हातारा सुचवतो की मुख्य न्यायाधीशानं एका हातात लाल सफरचंद धरावं आणि दुसऱ्या हातात सोन्याचं नाणं. मुलानं नाणं घेतलं तर मृत्युदंड, सफरचंद घेतलं तर सुटका. मूल हसत सफरचंद उचलतं. ही गोष्ट ‘एका गावात’ घडत नाही. ती पश्चिम फ्रिसलँडमधल्या फ्रानेकर नावाच्या गावात घडते. तिला पत्ता आहे, पंच आहेत, न्यायाधीश आहे, निकाल आहे. परीकथेच्या पुस्तकात घुसलेला तो खटलाच होता. १८१९ च्या आवृत्तीत ती गोष्ट नाही.

त्याच १८१९ मध्ये आणखी एक बदल झाला. पहिल्या आवृत्तीत हिमगौरीला मारायला निघालेली राणी तिची सख्खी आई होती. नव्या आवृत्तीत ती सावत्र झाली. म्हणजे लहान मुलांसाठी गोष्ट बदलायची की नाही, हा वाद संपून दोनशे वर्षं झाली. प्रश्न उरतो तो काय बदलायचं आणि काय ठेवायचं, याचा. आजच्या ठाण्यातल्या पंधरा मुलांच्या घोळक्यात एखादं तरी मूल असं असतं की ज्याच्या घरी नवी आई आलेली आहे. तिथं ‘सावत्र आई’ हा शब्द उच्चारायचा नाही. ‘राणी’ किंवा ‘चेटकीण’ म्हटलं तरी गोष्टीचं काही अडत नाही.

शिक्षेचं मात्र उलट आहे. शिक्षा काढायची नाही, तिचं वर्णन काढायचं. ग्रिमच्या गोष्टीत हिमगौरीच्या लग्नात राणीला तापून लाल झालेले लोखंडी जोडे घालून मरेपर्यंत नाचावं लागतं. चार वर्षांच्या मुलाला जोडे नकोत, पण ‘तिला त्या नगरात पुन्हा कधी पाऊल टाकू दिलं नाही’ हे हवंच. हल्ली लांडग्यानं माफी मागितली आणि तो सगळ्यांचा मित्र झाला, असा शेवट करायची पद्धत पडली आहे. हेतू चांगला असतो. पण लांडगा मोकळा राहतो, आणि रात्री दिवा मालवल्यावर प्रश्न येतो, ‘तो परत आला तर?’ माफी मागितली म्हणजे भूक गेली, हे चार वर्षांच्या मुलाला पटत नाही, आणि त्याचं बरोबरच आहे. लांडगा विहिरीत पडला, विहिरीवर झाकण बसलं, मग सगळे जेवायला बसले: या क्रमानं गोष्ट मिटवली की मूल कूस बदलून झोपतं. जेवण शेवटी हवंच. जेवण म्हणजे घर.

सांगण्याची रीतही थोडी सांगते. तीन-चार वर्षांना पाच ते सात मिनिटं पुरतात, पाच-सहा वर्षांना दहा-बारा, आठच्या पुढे वीस मिनिटंही बसतात. सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये टाइल्समुळे आवाज घुमतो, म्हणून आधी चटया टाकायच्या आणि पंखा मधल्या वेगावर ठेवायचा. मुलं अर्धवर्तुळात. सांगणाऱ्याच्या पाठीमागे खिडकी नको, कारण पाठीमागून उजेड आला की चेहरा काळा दिसतो, आणि काळ्या चेहऱ्यातून आलेला लांडग्याचा आवाज लांडग्यापेक्षा जास्त घाबरवतो. भीतीच्या जागी आवाज चढवायचा नाही, उतरवायचा आणि गती कमी करायची. ‘लेकीकडे जाईन, तूपरोटी खाईन, जाडजूड होईन’ अशी ओळ पहिल्यांदा एकट्यानं म्हणायची. दुसऱ्यांदा अर्ध्यावर थांबायचं, मुलं पुरी करतात. तिसऱ्यांदा वाघासमोर ती सगळ्यांनी मिळून म्हटली की वाघाची भीती म्हातारीच्या एकटीच्या वाट्याला राहत नाही. यात शब्द बदलू नका. ‘तूपरोटी’च्या जागी ‘तूपपोळी’ म्हटलंत तर तीन मुलं तुम्हाला थांबवून दुरुस्त करतील आणि गोष्टीची लय तुटेल.

‘हे खरंच झालं होतं?’ याला ‘गोष्टीत झालं होतं’ एवढं उत्तर पुरतं. ‘असं काही नसतं’ म्हणू नये, कारण मुलानं आत्ताच ते पाहिलेलं असतं. पण टीव्हीवरच्या खऱ्या खुनाबद्दल मुलानं विचारलं तर स्वर वेगळा हवा. सपाट, नेहमीच्या आवाजात दोन-तीन वाक्यं: एका माणसाला दुसऱ्यानं मारलं. पोलिसांनी त्याला पकडलं आहे, किंवा शोधत आहेत. आपलं दार लावलेलं आहे. तिथं आटपाट नगराचा सूर लावला की मूल गोंधळतं, आणि मग खऱ्या गोष्टी आणि गोष्टीतल्या गोष्टी यांच्यामधली भिंत पुन्हा बांधायला बराच वेळ जातो.

आता एका कहाणीपाशी थांबायचं आहे. श्रावणातल्या शुक्रवारी जिवतीचा कागद लावून, आघाड्या-दुर्वांची माळ घालून जी वाचतात, ती. लहानपणी आपण ती प्रसादाची वाट बघत ऐकलेली असते, म्हणून तिच्यात काय आहे हे नीट ऐकलेलंच नसतं. ती राजघराण्यातली गुन्हेकथा आहे, आणि मराठीत याहून प्रामाणिक दुसरी मला माहीत नाही.

राणीला मूल नाही. ती सुइणीला बोलावते आणि सांगते, मला गुपचूप एक मुलगा आणून दे, पुष्कळ द्रव्य देईन. सुईण गावातली गरीब ब्राह्मणाची गरोदर बाई हेरते. राणी पोट वाढल्याचं सोंग घेते. बाळंतपणाच्या वेळी सुईण त्या बाईचे डोळे बांधते, जन्मलेला मुलगा राजवाड्यात पोचवते, आणि आईपुढे वरवंटा ठेवून सांगते, तुला वरवंटा झाला. कट आहे, पैसे आहेत, साक्षीदाराचे डोळे बांधलेले आहेत, पुरावा बदललेला आहे. ती आई कोणाकडे जाणार? राजवाड्याविरुद्ध फिर्याद ऐकणारं तेव्हा राजवाड्याशिवाय दुसरं कोण होतं? ती श्रावणातल्या शुक्रवारी जिवतीची पूजा करते, हिरवं लुगडं नेसत नाही, हिरव्या बांगड्या भरत नाही, कारल्याच्या मांडवाखालून जात नाही, तांदळाचं धुवण ओलांडत नाही, आणि ‘जिथं माझं बाळ असेल तिथं ते खुशाल असो’ म्हणून अक्षता टाकते. त्या अक्षता राजवाड्यातल्या मुलाच्या डोक्यावर पडतात. पुढं तो मुलगा गावजेवण घालतो तेव्हा एक बाई तांदळाचं धुवण ओलांडायला तयार होत नाही, आणि तिथूनच गाठ सुटायला लागते. ती समोर येते, तिला पान्हा फुटतो, दुधाची धार त्याच्या तोंडात जाते. ओळख पटते.

ही कहाणी सात वर्षांखालच्या मुलांना सांगू नये. आईपासून बाळ काढून नेणं ही त्या वयातली सगळ्यात मोठी भीती आहे आणि आटपाट नगराचं अंतरही तिला पुरत नाही. सात-आठच्या मुलांना सांगताना मधला एक तुकडा वगळायचा: तरुण राजपुत्राला आपल्याच आईची, ती आई आहे हे माहीत नसताना, अभिलाषा होते आणि गोठ्यातलं वासरू गाईशी बोलतं, तो. वासराचं ते बोलणं फार सुंदर आहे, पण ते मोठ्यांसाठी आहे. नामकरणावरून थेट काशीयात्रेवर आलं तरी गोष्ट तुटत नाही. ठेवायच्याच अशा चार गोष्टी आहेत: बांधलेले डोळे, वरवंटा, अक्षता, दूध.

वरवंटा खरा आणावा. ठाण्याच्या फ्लॅटमध्ये मिक्सर असतो, पाटा-वरवंटा नसतो, म्हणून मुलांना तो शब्दच माहीत नसतो. एखाद्या आजीच्या माळ्यावर मिळतो. त्याच्याऐवजी खलबत्त्याचा बत्ता आणून भागत नाही. तो हातात धरला जातो, बाळासारखा कुशीत घेता येत नाही. पाट्यावरचा मोठा वरवंटा दोन-तीन किलोंचा असतो, जवळजवळ नवजात बाळाइतका. सुईण त्यावर का भिस्त ठेवते, हे वजनातच कळतं. तो मुलांच्या हातातून हातात फिरवायचा नाही. सहा-सात वर्षांच्या मुलाच्या हातून तो निसटतोच आणि बोटावर पडतो. चटईची दुहेरी घडी करून त्यावर मधोमध ठेवायचा, मुलांनी बसून त्याला हात लावायचा. दगड गार असतो. कोणीतरी हात मागं घेतं. तिथं सांगणाऱ्यानं काही बोलू नये.

मग एक प्रश्न येतो, आणि सांगणारा बहुतेक वेळा इथंच घसरतो. राणीला काय शिक्षा झाली? रूढ पाठात ती सांगितलेली नाही. मुलगा खऱ्या आईसाठी राजवाड्याशेजारी वाडा बांधून देतो, आणि कहाणी साठा उत्तरांची, पाचा उत्तरी सुफळ संपूर्ण होते. राणीचं आणि सुइणीचं पुढं काय झालं, ते येत नाही. मुलांना बरं वाटावं म्हणून शिक्षा तयार करू नका. लहानांच्या गोष्टीत शिक्षा हवी असं मीच वर म्हटलं, पण सात-आठ वर्षांच्या मुलाला ‘कहाणीत ते सांगितलेलं नाही’ हे ऐकता येतं. त्यांना विचारा, तुम्ही राजा असता तर काय केलं असतं. उत्तरं कडक येतात. राणीपेक्षा सुइणीवर जास्त कडक येतात, आणि त्यावर पुन्हा विचारता येतं, पैसे कोणी देऊ केले होते?

मोठ्यांच्या खऱ्या गुन्हेकथांकडे याच प्रश्नासह जायला हवं. बड्या घरातला गुन्हा सांगताना आपण राजवाड्याच्या बाजूनं दार उघडतो. १२ जानेवारी १९२५ ला मलबार हिलवर अब्दुल कादर बावला या व्यापाऱ्याचा खून झाला. हे प्रकरण आजही ‘इंदूरचा महाराजा आणि त्याची देखणी नर्तकी’ असं सुरू होतं. गोल्फ खेळून परतणारे इंग्रज अधिकारी मध्ये पडले, मारेकरी पकडले गेले, आणि १९२६ मध्ये तुकोजीराव होळकरांना गादी सोडावी लागली. सगळं परीकथेत बसतं. त्यात मुमताज बेगम राजवाड्यातून पळवलेली किंवा पळालेली राजकन्या होते. खरं म्हणजे ती इंदूरला परत जायला ठामपणे नकार देणारी बाई होती, चेहऱ्यावर वार झेलून ती कोर्टात साक्षीला उभी राहिली. बावला तर पहिल्या दोन वाक्यांनंतर गोष्टीत दिसतच नाही.

नानावटी प्रकरणात हे फार मोठ्या प्रमाणावर झालं. पांढऱ्या गणवेशातला, पदकं लावलेला देखणा नौदल अधिकारी, परदेशी बायको, तीन मुलं आणि घर फोडणारा श्रीमंत अविवाहित माणूस. ‘ब्लिट्झ’ साप्ताहिकानं नानावटीची बाजू उघडपणे लावून धरली. पंचवीस पैशांचा अंक दोन रुपयांना विकला गेला. रस्त्यावर फेरीवाले ‘नानावटी रिव्हॉल्व्हर’ आणि ‘आहुजा टॉवेल’ विकत होते. खेळण्यातलं रिव्हॉल्व्हर! मुलांच्या हातात द्यायला.

हा खटला समजून घ्यायचा असेल तर मालिकेपासून सुरुवात करू नये. सर्वोच्च न्यायालयाचा २४ नोव्हेंबर १९६१ चा निकाल घ्यावा. न्यायमूर्ती सुब्बाराव यांनी लिहिलेला आहे, लांब आहे, पण वाचता येतो. शेजारी एक कोरा कागद घेऊन त्यावर तीन रकाने आखावेत: वेळ, काय घडलं, आणि हे कोण सांगतं. तिसरा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. वाचत वाचत तो भरत गेलं की खटल्याचा आकार बदलतो. बायकोनं संबंधांची कबुली दिली, हे एका ओळीत. दीड वाजता घर सोडलं. मुलांना सिनेमाला सोडलं. जहाजावरून शस्त्र घेतलं. आधी आहुजाच्या ऑफिसात गेला, तो तिथं नव्हता. मग फ्लॅट. चार वाजून वीस मिनिटं. न्यायालयानं म्हटलं की या जवळपास तीन तासांत स्वतःवर ताबा मिळवायला पुरेसा वेळ होता, म्हणून ‘गंभीर आणि आकस्मिक प्रक्षोभ’ हा बचाव टिकत नाही. त्या रकान्यांत ‘आकस्मिक’ हा शब्द कुठं लिहायचा, ते शोधून बघा. जागा सापडत नाही.

मग टॉवेल. आहुजा नुकताच अंघोळ करून आला होता. बचावाचं म्हणणं असं की झटापट झाली आणि तीत गोळ्या सुटल्या. पण मृतदेहाच्या कमरेला गुंडाळलेला टॉवेल सुटला नव्हता, सैलही झाला नव्हता. दोन धिप्पाड माणसांची रिव्हॉल्व्हरसाठी खरोखर ओढाताण झाली असती तर तो जागेवर राहिला असता का? रस्त्यावर जो थट्टेचा माल झाला, तो खरं म्हणजे मेलेल्या माणसाच्या बाजूचा पुरावा होता.

आणि सगळ्यात प्रसिद्ध वाक्य. ‘मी ज्या ज्या बाईबरोबर झोपतो, तिच्याशी लग्न करायचं का?’ असं आहुजा म्हणाला, हे सगळ्यांना पाठ आहे. तिसऱ्या रकान्यात काय लिहाल? दार बंद होतं. आत दोघंच होते. एक मेला. हे वाक्य आपल्यापर्यंत आलं ते आरोपीच्या बाजूनं. ते खोटं आहे असं मी म्हणत नाही. पण प्रत्येक पुनर्कथनात ते आहुजाच्या तोंडी घातलं जातं, जणू कोणीतरी भिंतीआड बसून लिहून घेत होतं. परीकथेत निवेदकाला बंद खोलीत काय झालं ते दिसतं. खटल्यात दिसत नाही. ‘आरोपीच्या म्हणण्यानुसार’ हे दोन शब्द लावले की त्या वाक्याचं वजन निम्म्यावर येतं, आणि ते तेवढंच असायला हवं.

पुढचा क्रम लोक पटकन उरकतात, तसा तो उरकण्याजोगाही आहे. ज्यूरीनं, म्हणजे सामान्य नागरिकांतून निवडलेल्या नऊ जणांनी, आठ विरुद्ध एक मतानं त्याला निर्दोष ठरवलं. सत्र न्यायाधीशांनी तो कौल न स्वीकारता प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवलं. उच्च न्यायालयानं जन्मठेप दिली, सर्वोच्च न्यायालयानं ती कायम केली, आणि १९६४ मध्ये राज्यपालांनी माफी दिली. कुटुंब पुढं कॅनडाला गेलं. ती माफी आहे, निर्दोष सुटका नाही. हा फरक गप्पांमध्ये हरवतो, म्हणून प्रत्येक वेळी सांगावा लागतो.

ठाण्यात या दोन्ही प्रकारांना जोडणारी एक जागा आहे. कोर्टनाक्याकडून कळवा पुलाकडे जाताना जी जुनी तटबंदी लागते, ती मध्यवर्ती कारागृहाची. मुलं रिक्षातून विचारतात, आत कोण राहतं? हा पूर्वी किल्ला होता, आणि १८१५ मध्ये त्यात त्रिंबकजी डेंगळे यांना आणून ठेवलं होतं. दुसऱ्या बाजीरावाच्या मर्जीतला, दरबारातला सगळ्यात वजनदार माणूस.

त्यांची सुटका ही खरोखरीच परीकथा आहे. कैद्याशी कोणी संगनमत करू नये म्हणून पहाऱ्यावर गोरे शिपाई ठेवले होते. त्यांना मराठी येत नव्हतं. एका अधिकाऱ्याच्या घोड्याचा मोतद्दार कैद्याच्या खिडकीखाली घोड्याला खरारा करत गाणी म्हणत असे. गाण्यात निरोप होता. झुडपाआड माणसं दबा धरून आहेत, घोडा झाडाखाली आहे, पंचावन्न घोडे आहेत आणि चोपन्न माणसं. पंचावन्नावा स्वार घोड्यावर बसला की दख्खनला पुन्हा बरे दिवस येतील. १२ सप्टेंबर १८१६ च्या संध्याकाळी त्रिंबकजी भिंतीतून निसटले. त्या गाण्यातलं आपल्या हाती आज जे आहे, ते म्हणजे कलकत्त्याचा इंग्रज बिशप हेबर यानं लिहून ठेवलेली इंग्रजी कविता.

आठ-दहा वर्षांच्या मुलांना ही गोष्ट सांगितली तर डोळे लकाकतात. पंचावन्न घोडे, चोपन्न माणसं, एक घोडा रिकामा का? गणित तोंडी सुटतं, गाणं आवडतं, शिपायांना भाषा येत नव्हती यावर हसू येतं. आणि इथंच ती चूक पुन्हा होते. त्रिंबकजी राजपुत्र होतात, खिडकी मनोऱ्याची होते, आणि ते ठाण्याच्या किल्ल्यात का होते, हे कोणी विचारत नाही.

म्हणून क्रम बदलायचा. गोष्ट ठाण्यापासून सुरू करायची नाही, पंढरपूरपासून करायची. जुलै १८१५. बडोद्याच्या गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री पटवर्धन हिशेबाच्या बोलणीसाठी पेशव्यांकडे आलेले. इंग्रजांनी त्यांच्या जिवाची हमी घेतलेली. त्या संध्याकाळी ते बरं वाटत नाही म्हणत होते, त्रिंबकजींकडून पुन्हा पुन्हा बोलावणं आलं, म्हणून विठोबाच्या दर्शनाला गेले. परतताना वाटेत मागून आलेल्या मारेकऱ्यांनी त्यांना मारलं. नावानिशी, एवढं सगळं, गाण्याच्या आधी. शास्त्री म्हणजे शाळेतले शास्त्री नव्हेत, हेही सांगावं लागतं. ‘वकील’ म्हणजे कोर्टातला काळा कोट नव्हे, एका राज्याचा दुसऱ्या राज्याकडचा प्रतिनिधी, हेही. त्यानंतर किल्ला, पहारा, मोतद्दार, आणि मग गाणं.

गाणं संपल्यावर लगेच उठू नये. एखादं मूल विचारतंच, तो पुढं सापडला का? सापडला. १८१८ मध्ये पुन्हा पकडला आणि लांब गंगेकाठच्या चुनारच्या किल्ल्यात नेऊन ठेवला. हेबरनं त्याला तिथं कैदेत पाहिलं ते आधी, आणि त्याच्या सुटकेचं गाणं ऐकलं ते नंतर, ठाण्याला आल्यावर. मग दुसरं एखादं मूल, बहुधा मागच्या रांगेतलं, शास्त्रींचं विचारतं. ते बडोद्याला परत गेले का? नाही, बाळा. त्यांच्यासाठी घोडा कोणी ठेवला नव्हता.